आत राहिलेले टोक

॥ श्री गणेशाय नमः ॥



महाभारत व्यासांनी सांगितले आणि गणरायाने लिहून घेतले, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. लिहिता लिहिता लेखणी मोडली तेव्हा बाप्पाने स्वतःचा दात मोडून लेखणी केली, असे घरोघरच्या आज्या सांगतात. तेव्हा गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहायला बसले असता त्याच महाभारतातील एक कथा निवडावी असे वाटले. कीर्तनात ती क्वचितच ऐकू येते. आदिपर्वातील ही कथा आहे मांडव्य ऋषींची. मी पेशाने डॉक्टर. महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे दुखणे घेऊन येणारी माणसे रोज माझ्यासमोर बसतात, आणि त्यांच्याकडे पाहताना हे ऋषी मला हटकून आठवतात.

कथा

मांडव्य ऋषी आपल्या आश्रमाच्या दाराशी, एका वृक्षाखाली हात वर करून तप करीत होते. त्यांनी मौनव्रत धरले होते. एके दिवशी काही चोर लुटीचा माल घेऊन आश्रमात शिरले आणि माल ठेवून तेथेच लपले. मागोमाग राजाचे शिपाई आले. "चोर कोणत्या वाटेने गेले?" असे त्यांनी विचारले. ऋषींचे मौन असल्याने ते काहीच बोलले नाहीत. शिपायांनी आश्रम धुंडाळला, तेव्हा चोरही सापडले आणि मालही सापडला. संशय ऋषींवर आला. राजाने फारशी चौकशी न करता चोरांबरोबर त्यांनाही सुळावर चढवण्याची आज्ञा दिली.

ऋषी सुळावर होते, पण तपोबलाने त्यांचे प्राण गेले नाहीत. ही वार्ता राजाच्या कानी गेली, तेव्हा तो धावत आला आणि त्याने क्षमा मागितली. ऋषींनीही त्याला क्षमा केली. राजाने त्यांना खाली उतरवून सूळ काढण्याचा प्रयत्न केला. पण सूळ काही निघेना. अखेर बाहेरचा भाग कापून टाकावा लागला आणि आतला तुकडा आतच राहिला. तो तुकडा शरीरात वागवीतच ऋषी पुढे हिंडत राहिले, तप करीत राहिले. अणी म्हणजे टोक. म्हणून लोक त्यांना अणीमांडव्य म्हणू लागले.

मंडळी, येथे क्षणभर थांबावे. अन्याय दूर झाला होता. राजाने माफी मागितली होती, ऋषींनी ती दिलीही होती. जगाच्या दृष्टीने प्रकरण मिटले होते. तरीही टोक आतच राहिले होते.

माझ्यासमोर बसणाऱ्या माणसांची गोष्ट हीच असते. गाडीला अपघात होऊन तीन वर्षे झाली, हाड जुळले, विम्याचे पैसे मिळाले, पण मान दुखायची थांबत नाही. पाठीचे ऑपरेशन झाले, एमआरआय पाहून सर्जन म्हणाले, "सर्व उत्तम आहे." पण रात्री कूस बदलता येत नाही. नागीण येऊन गेली, फोड वाळले, तरी तेथे कपडा लागला की आग होते. घरचे म्हणतात, "आता तर सगळं नॉर्मल आहे ना?" रिपोर्ट नॉर्मल असतो. माणसाचे दुखणे मात्र चालूच असते.

शास्त्र काय म्हणते

१९९० च्या दशकात आम्ही मेडिकल कॉलेजात शिकत असताना वेदना म्हणजे एक लक्षण, अशीच समजूत मनावर ठसत असे. कारण शोधा, कारण दूर करा, म्हणजे वेदना आपोआप जाईल. ताज्या जखमेच्या बाबतीत ते खरेही आहे. पण ३ महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या वेदनेला आज वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते, आणि काही वेळा ती स्वतःच एक आजार असते असे मानते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झाले, तिला तसे स्वतंत्र स्थान मिळाले आहे. हे दुखणे विरळ नाही. २०२३ सालच्या सरकारी पाहणीनुसार अमेरिकेतील प्रौढांपैकी सुमारे २४ टक्के लोकांना दीर्घकालीन वेदना होती. आरतीला आपल्या शेजारी उभ्या असलेल्या चौघांपैकी एक, असा हिशेब ढोबळमानाने मांडता येईल.

हे घडते कसे? घरातील धुराच्या अलार्मचे उदाहरण घ्या. आग लागल्यावर तो वाजला पाहिजे, हे बरोबरच. पण एकदा मोठी आग लागून गेल्यावर तो इतका हळवा झाला की फोडणी दिली तरी वाजतो, असे समजा. मज्जारज्जू आणि मेंदू यांतील वेदनेची यंत्रणा अशीच हळवी होऊ शकते. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी असे मांडले की वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक दार असते. ते कमीजास्त उघडते, आणि मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही त्यावर परिणाम होतो. त्यांच्या सिद्धांताचे तपशील पुढे बदलले, पण मुख्य गोष्ट टिकली. भीती, झोपेचा अभाव, एकटेपणा आणि काळजी यांनी वेदना वाढते. सुरक्षितता, हालचाल आणि मनाची गुंतवणूक यांनी ती कमी होते.

याचा अर्थ "दुखणे मनाचे आहे" असा मुळीच नाही. हे वाक्य ऐकून कितीतरी जण अपमानित होऊन घरी जातात. वेदना खरीच असते. पण वेदना जाणवण्यासाठी मेंदू लागतो, आणि मन काही मेंदूच्या बाहेर राहत नाही.

ज्यांच्या वेदनेची सुरुवात अपघाताने, मारहाणीने किंवा एखाद्या भयंकर प्रसंगाने झाली, त्यांच्या बाबतीत आणखी एक गाठ असते. दुखले की तो प्रसंग आठवतो, प्रसंग आठवला की अंग आखडते, आणि अंग आखडले की पुन्हा दुखते. अशा वेळी केवळ पाठीवर उपचार करून भागत नाही, आणि केवळ मनावर करूनही भागत नाही. दोन्हींवर एकत्र उपचार करावे लागतात.

"माझे काय पाप?"

आता कथेचा उत्तरार्ध. अणीमांडव्य एके दिवशी थेट यमधर्माच्या सभेत गेले. न्यायासनावर बसलेल्या धर्माला त्यांनी विचारले, "मी असे कोणते कर्म केले, की मला हे फळ मिळाले?" धर्म म्हणाला, "लहानपणी आपण कीटकांच्या अंगात काडी टोचली होती."

ऋषींनी हे उत्तर मान्य केले नाही. एवढ्याशा अपराधाला एवढी मोठी शिक्षा? तीही अजाण बालकाला? त्यांनी धर्मालाच शाप दिला, की तुला मनुष्यजन्म घ्यावा लागेल. आणि नवी मर्यादा घातली, की चौदा वर्षे वयापर्यंत केलेल्या कृत्याचे पाप लागणार नाही. त्या शापामुळे धर्म पृथ्वीवर जन्माला आला, तो विदुर म्हणून.

ही कथा आपल्या धर्मग्रंथात आहे, याचा मला फार आधार वाटतो. कारण आपल्या समाजात दुखणाईताला सर्वांत खोल जखम अनेकदा आपणच करतो. "मागच्या जन्मीचं काहीतरी असेल." "देवाचं करण्यात काही चुकलं असेल." "पत्रिका दाखवून घेतली का?" बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण जो आधीच दुखण्याने पिचला आहे, त्याला आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. कर्मसिद्धांत स्वतःच्या आचरणाला वळण लावण्यासाठी आहे, शेजाऱ्याच्या वेदनेचा पंचनामा करण्यासाठी नाही. प्रत्यक्ष धर्मराजाने हे स्पष्टीकरण दिले, तेव्हा महाभारताने त्यालाही खाली उतरवले. मग आपण कोण?

ऋषींनी मुलांसाठी मर्यादा घातली, यातही मोठे शहाणपण आहे. १९९८ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणी मारहाण, अत्याचार, घरातील हिंसा किंवा व्यसन अनुभवलेल्या व्यक्तींमध्ये मोठेपणी नैराश्य, हृदयविकार यांसारख्या अनेक व्याधींचे प्रमाण अधिक असल्याचे त्यात दिसले. पुढच्या संशोधनांत दीर्घकालीन वेदनेशीही असाच संबंध आढळला. संबंध आहे म्हणजे प्रत्येकाला त्रास होतोच, असे नाही. पण लहानपणी रुतलेले टोक पन्नाशीतही सलू शकते, हे खरे. ज्याचे बालपण असे गेले, त्याने स्वतःला एवढे जरूर सांगावे, की ते माझ्या दोषामुळे घडले नाही.

आणखी एक गोष्ट पाहावी. पहिल्या प्रसंगात ऋषी मौनात होते. दुसऱ्या प्रसंगात ते बोलले, आणि जिथे बोलायला हवे तिथेच बोलले. आपण मराठी माणसे, त्यातही आपल्या बायका, "सोशीक" या शब्दाने फार सुखावतो. दुखते का विचारले तर "काही नाही हो, चालायचंच" असे उत्तर येते. सासूबाई सहा महिन्यांसाठी नातवंडे सांभाळायला आलेल्या असतात, गुडघे सुजलेले असतात, पण मुलाला कामावरून रजा घ्यावी लागेल आणि डॉक्टरचे बिल येईल म्हणून त्या गप्प राहतात. याला मी तितिक्षा म्हणणार नाही. सोसणे म्हणजे दात आवळून गप्प बसणे. तितिक्षा म्हणजे जे आहे ते आहे असे म्हणून, त्याची चीड आणि विलाप वाढू न देता आपले काम करीत राहणे. तितिक्षेत मदत मागायला मनाई नाही.

भीष्मांची उशी

मदत मागण्याचा विषय निघाला, तर भीष्मांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. युद्धाच्या दहाव्या दिवशी भीष्म शरपंजरी पडले. तेव्हा त्यांचे मस्तक खाली लोंबत होते. राजांनी मऊ मऊ उशा आणल्या, पण भीष्मांनी त्या नाकारल्या आणि अर्जुनाकडे पाहिले. अर्जुनाने तीन बाण मारून त्यांच्या मस्तकाला आधार दिला. आपल्याला सोयीची वाटणारी मदत आणि दुखणाईताला हवी असलेली मदत, या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. म्हणून आधी विचारावे.

दुर्योधनाने बाण काढणारे कुशल वैद्य आणले होते. भीष्मांनी त्यांना सन्मानाने परत पाठवले. हे वाचून कोणी औषधे बंद करू नयेत, ही विनंती! भीष्मांना इच्छामरणाचा वर होता, आपल्याला नाही. आणि पुढे शांतिपर्वात काय घडते तेही पाहावे. श्रीकृष्ण त्यांना म्हणतात, युधिष्ठिराला धर्म सांगा. तेव्हा भीष्म सरळ सांगतात, की बाणांच्या वेदनेने माझे अंग पिळवटले आहे, बुद्धी स्थिर नाही, बोलणे सुचत नाही. आजन्म ब्रह्मचारी, गंगापुत्र, महापराक्रमी भीष्म हे कबूल करतात! श्रीकृष्ण त्यांना धैर्य धरा असा उपदेश करीत नाहीत. ते आधी वर देतात, की वेदना, थकवा, भूक, तहान यांचा त्रास तुम्हाला होणार नाही. त्यानंतर धर्मोपदेश सुरू होतो. वेदनाशमन हे धर्माच्या आड येत नाही, ते आधी करायचे असते.

भीष्म त्या शय्येवर ५८ रात्री होते. आपल्या मंदिरात आपण म्हणतो ते विष्णुसहस्रनाम त्यांनी याच शय्येवरून युधिष्ठिराला सांगितले. अंगातले बाण निघाले नव्हते. पण बाण निघेपर्यंत ते थांबले नाहीत. अणीमांडव्यही सूळ निघण्याची वाट पाहत बसले नाहीत. दोघांच्या कथांतून मला जे एक सूत्र दिसते ते असे: टोक कदाचित आतच राहील, पण आयुष्य त्याच्यासाठी खोळंबून ठेवायचे नाही.

रुग्ण मला सांगतात, "डॉक्टर, एकदा हे दुखणं गेलं ना, की मग मी पुन्हा गाणं सुरू करीन, मग भारतात जाऊन येईन, मग मंदिरात येईन." या "मग"च्या मागे दहा दहा वर्षे जातात. वेदना पूर्ण जाईल तेव्हा जाईल, कदाचित जाणारही नाही. जी माणसे वेदनेशी रोजची लढाई थांबवून, तिला बरोबर घेऊन, आपल्या आवडीच्या दिशेने दोन पावले टाकतात, त्यांचे आयुष्य हळूहळू पुन्हा मोठे होऊ लागते. आणि पुष्कळदा वेदनेचा आवाजही त्यात लहान होत जातो.

दुसरा बाण

भगवान बुद्धांनी एक दृष्टांत दिला आहे. माणसाला एक बाण लागतो, तो शरीराच्या दुःखाचा. अज्ञानी माणूस लगेच स्वतःला दुसरा बाण मारून घेतो, तो शोकाचा, संतापाचा. पहिला बाण आपल्या हातात नसतो. दुसरा पुष्कळसा असतो. "माझे आता संपले", "हे वाढतच जाणार", "मी सर्वांना ओझे झाले", हे सारे दुसरे बाण. १९७९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन कबाट-झिन यांनी ध्यान आणि योगासने यांवर आधारित कार्यक्रम सुरू केला, तो अशाच दीर्घकाळ दुखणे सोसणाऱ्या रुग्णांसाठी. आपल्याच भूमीतील साधना तेथे औषधाच्या जोडीला आली. आपण मात्र ती घरी असून कपाटात ठेवतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी

प्रवचनात व्यवहार नसला तर ते अपुरे राहते, म्हणून थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे मोजून काम करणे. गणपतीच्या आदल्या दिवशी बरे वाटते म्हणून एका बैठकीत एकावन्न उकडीचे मोदक करायचे आणि नंतर चार दिवस अंथरुणात पडायचे, हे चक्र मोडावे. अकरा झाले की दुखत नसले तरी उठावे, दहा मिनिटे पाय मोकळे करावेत, मग पुढचे अकरा. विश्रांती दुखण्यावर नव्हे, घड्याळावर ठरवावी.

दुसरी, हालचाल पूर्ण थांबवू नये. दुखेल या भीतीने माणूस हलत नाही, न हलल्याने स्नायू अशक्त होतात, मग थोड्याशा श्रमानेही दुखते. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने थोडे थोडे, पण रोज चालावे.

तिसरी, औषधांची लाज नको आणि मनमानीही नको. दुसऱ्याच्या नावावरची वेदनाशामके घेऊ नयेत. अफूवर्गीय गोळ्या चालू असतील तर त्या एकदम बंद करू नयेत, डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी कराव्यात. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले तर "मला वेडा ठरवले" असे समजू नये. हातापायांत नवी अशक्तता, लघवीवरचा ताबा जाणे, ताप किंवा कारणाशिवाय वजन घटणे, यांपैकी काही असेल तर मात्र एक दिवसही थांबू नये.

चौथी गोष्ट जरा जड आहे, पण सांगायला हवी. दीर्घ वेदनेत कधी कधी जगणेच नकोसे वाटते. असा विचार येणे हे पाप नाही, ते आजाराच्या तीव्रतेचे लक्षण आहे. तो विचार घरच्यांपाशी, डॉक्टरांपाशी बोलून दाखवावा. अमेरिकेत जुलै २०२२ पासून ९८८ या क्रमांकावर दिवसरात्र मदत मिळते.

घरच्यांसाठी तीनच गोष्टी. दुखते असे म्हटले की विश्वास ठेवा, पुरावा मागू नका. सगळी कामे हातातून काढून घेऊ नका, कारण कोथिंबीर निवडण्याचे कामसुद्धा माणसाला घरातले स्थान देते. आणि रोज सकाळी "आज किती दुखतंय?" असे विचारण्याऐवजी "आज काय करू या?" असे विचारून पाहा.

मंदिरासाठीही एक विनंती आहे. सत्यनारायणाला किंवा आरतीला खुर्चीवर बसावे लागते म्हणून काहीजण मंदिरात यायचेच थांबले आहेत. खुर्च्या असतात, पण त्या भिंतीपाशी, मागे असतात. काही खुर्च्या पुढे, सर्वांच्या बरोबरीने मांडाव्यात. आपण खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाही, पण ज्या देवाला सर्वांच्या आधी पुजतो त्याचा एक दात मोडलेला आहे, आणि एकदंत हे त्याचे दूषण नाही, नाव आहे. ज्याच्या अंगात एखादे टोक राहून गेले आहे, त्याला बाप्पापुढे सर्वांत आधी जागा मिळावी.

यंदाच्या उत्सवात आपल्यातील प्रत्येक दुखणाईताला विश्वास देणारा एक कान आणि सोबतीला एक हात लाभो, हीच त्या विघ्नहर्त्याच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!